पुन्हा तीच व्हॅलेंटिना

युरोव्हिजन या युरोपभरच्या गाण्याच्या स्पर्धेत सान मारिनो हा चिमुकला देशही उतरतो. चहूबाजूंनी इटली, मधे टिटानो डोंगर, क्षेत्रफळ 61 चौरस किलोमीटर आणि माणसं सुमारे 34 हजार. एवढी वस्ती मुंबईच्या एका वॉर्डात सहज मावेल.

2008 साली मंडळी पहिल्यांदा बेलग्रेडला गेली आणि उपांत्य फेरीत शेवटची आली. नंतर दोन वर्षं खिशात पैसे नाहीत म्हणून घरीच.

2012 मध्ये व्हॅलेंटिना मोनेट्टा आली. बाई जॅझ गाणारी, आणि वाट्याला आलं फेसबुकवरचं गाणं! जाहिरात नको म्हणून फेसबुकचं नावही गाळावं लागलं. मग शीर्षकात 'ओ ओ' तेवढं ठळक उरलं. अंतिम फेरी हुकली. 2013 ला पुन्हा तीच. पहिल्या दहांना प्रवेश होता, ही अकरावी! एखादीने गाणंच सोडलं असतं. पण 2014 ला कोपनहेगनला कोण? व्हॅलेंटिनाच. या वेळी दहावी आली, आणि सान मारिनो पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला. तिथे 26 जणांत चोविसावी, पण तो हिशेब करायला त्या रात्री कोणाला सवड असणार?

तिथेच थांबायला हवं होतं, असं आपलं माझं मत. ती 2017 ला चौथ्यांदा गेली आणि एकच गुण घेऊन परतली. तोही जर्मन प्रेक्षकांचा. तिचा संगीतकार राल्फ सीगल जर्मनच, म्हणजे माहेरचा आहेर म्हणायचा.

मतदानाची तऱ्हाही न्यारी. सान मारिनोचे फोन इटलीच्या जाळ्यावर चालतात, त्यामुळे प्रेक्षकांची वेगळी मतं मोजता येत नाहीत. ती इतर देशांच्या मतांवरून काढतात. जनता गप्प, जनमत तयार!

गायकही बहुधा बाहेरूनच येतात. 2025 पर्यंतचा सर्वांत वरचा क्रमांक, 2019 चा एकोणिसावा, मिळवून दिला सेरहातने. तो तुर्की, आणि शिक्षणाने दंतवैद्य. त्यानंतर 2024 ला स्पेनचा बँड येऊन गेला. 2025 ला बाझेलला इटलीचा डीजे गाब्री पोन्ते आला. गाण्याचं नावच 'सगळी इटली', आणि आधी ते इटलीतल्याच सानरेमो महोत्सवाची धून म्हणून वाजून झालेलं. म्हटलं, आता शेजाऱ्यांची मतं तरी पडतील.

निकाल लागला. सगळी इटली गाणारा सान मारिनो सव्विसावा, म्हणजे शेवटचा. आणि खुद्द इटलीचा गायक पाचवा.