चावडरकाका

बॉस्टनच्या पश्चिमेला जिथे चार मराठी घरं एकत्र जमतात, तिथे एक चावडरकाका असतोच. एरवी वर्षभर हा गृहस्थ स्वयंपाकघरात येतो तो फक्त चहाचा रिकामा कप ठेवायला. तोही सिंकच्या शेजारी, सिंकमध्ये नव्हे. पण नाताळ जवळ आला, बाहेर बर्फ पडायला लागला, की त्याच्या अंगात न्यू इंग्लंड संचारतं. पॉटलकच्या यादीत छोले, पुलाव, रसमलाई यांच्या खाली 'क्लॅम चावडर (अस्सल)' अशी नोंद होते. ती वाचून काकू डोकेदुखीची गोळी कुठे ठेवली आहे ते बघून ठेवतात.

पहिला घोळ तारखेचा. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष, आणि मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे निम्म्या बायकांचं महालक्ष्मीचं व्रत. शिवाय मध्येच संकष्टी. एवढं सगळं चुकवून पार्टीचा दिवस काढायचा, तर पंचांग हवंच. काका ते फोनवर बघतात. बाकी वर्षभर त्यांना तिथी लागत नाही.

मग खरेदी. चावडर म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप; त्याला क्वाहॉग जातीचे मोठे शिंपले लागतात. लिटलनेक आणि चेरीस्टोन ही त्यांचीच लहान भावंडं, पण काकांच्या मते ती पोरासोरांची कामं. शिंपला मिटलेला असेल तर जिवंत. उघडा दिसला तर टकटक करायची, तरी मिटला नाही तर टाकून द्यायचा. नियम रास्त आहे. पण काका मिटलेल्यांवरही टकटक करतात. मागे रांग वाढते, दुकानदार काट्याकडे बघत उभा राहतो, आणि काका एकेक शिंपला कानाशी नेऊन त्याची प्रकृती विचारतात.

पाहुणे जमले, की ज्ञानसत्र सुरू होतं. न्यू इंग्लंडचा चावडर पांढरा, मॅनहॅटनचा टोमॅटो घातलेला, आणि टोमॅटोचं नाव काढलं तरी काकांचा आवाज चढतो. 1939 साली मेन राज्याच्या विधिमंडळात क्लॅम चावडरमध्ये टोमॅटो घालायला बंदी करणारं विधेयक आलं होतं, हे ते अशा थाटात सांगतात, की वाटावं, त्याला अनुमोदन ह्यांनीच दिलं. हर्मन मेल्व्हिलच्या 1851 सालच्या 'मोबी डिक'मध्ये 'चावडर' नावाचं अख्खं प्रकरण आहे, हेही प्रत्येकाला एकदा ऐकावं लागतं. प्रकरण पंधरावं. त्याच्यापुढे काकांनी कादंबरी वाचलेली नाही. देवमासा पुढे कधीतरी येतो म्हणतात, पण तो चावडरमध्ये पडत नसल्यामुळे काकांचा रस तिथेच संपला.

मूळ कृतीत खारवलेलं डुकराचं मांस आधी परतून त्याच्या चरबीत कांदा टाकतात. आपल्या मंडळींत कोण काय खातं याचा हिशेब मांडून काका बटरवर भागवतात. हा बदल 'अस्सल'मध्ये बसतो. काकूंनी सुचवलेली अर्धी हिरवी मिरची मात्र बसत नाही.

काका चावडर करतात म्हणजे नक्की काय करतात, ते जवळून बघण्यासारखं आहे. शिंपले मिठाच्या पाण्यात ठेवून रेती सोडवलेली असते, ती काकूंनी. बटाटे, कांदा, सेलरी बारीक चिरलेली असते, ती मुलीने. शिंपले वाफवून त्यांचं पाणी निवळत ठेवलेलं असतं आणि वरचं तेवढं पंचातून गाळून घेतलेलं असतं, कारण तळाच्या रेतीचा एक कण जरी दाताखाली आला तरी सगळ्या खटाटोपावर पाणी. हे गाळणंही काकूंचंच. एवढं झाल्यावर काका ॲप्रन बांधून येतात आणि विचारतात, "आपलं ते मोठं पातेलं कुठे असतं गं?" ते त्यांच्या समोर गॅसवर असतं.

इथून पुढे लाकडी चमचा काकांच्या हातात. बटरमध्ये कांदा, सेलरी, तमालपत्र. त्यावर मैदा, तो रंग न बदलू देता परतायचा. मग शिंपल्यांचं पाणी आणि बटाटे. बटाटे शिजेपर्यंत काका कुणालाही आत येऊ देत नाहीत, फोटो काढणारा सोडून. सगळ्यात शेवटी हेवी क्रीम, ज्यात निदान 36 टक्के स्निग्धांश असतो, आणि बारीक तुकडे केलेलं शिंपल्यांचं मांस. मांस आधी टाकलं तर ते रबरासारखं चिवट होतं. आणि क्रीम पडल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटायची भीती. "हे गुपित कुणी सांगत नाही," काका आवाज खाली आणून म्हणतात.

देवगडहून सहा महिन्यांसाठी आलेली त्यांची आई शेजारी खुर्ची टाकून बसलेली असते. "नारळाचो रस घातल्यावर कढ येवक देव नये, ह्यां माका ल्हान असल्यापासून ठावक," ती म्हणते. मग पातेल्यात डोकावते. "ह्यां काय रे? तिसऱ्यांची खीर केलंस?"

काका ऐकू न आल्यासारखं करून वाट्या मांडतात, वर छोटे षटकोनी ऑयस्टर क्रॅकर टाकतात. आणि खरं सांगायचं तर चावडर फक्कड झालेला असतो. दाट, पण चमचा उभा राहील इतका नाही. समुद्राची खारट चव आधी, क्रीमचा गोडवा मागून. दोन महिन्यांपूर्वी काकांना लोणी बंद करायला सांगणारे मित्र-डॉक्टर दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात. आजी तिसऱ्या वेचून खाते आणि वर सोलकढी मागते.

शेवटी नुकतंच आलेलं एखादं तरुण जोडपं कृती विचारतं. काका त्यांना सोफ्यावर बसवतात, मेनच्या विधिमंडळापासून सुरुवात करतात आणि अर्ध्या तासात कांद्यापर्यंत पोचतात. जोडपं मान डोलावतं, आभार मानतं आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने हळूच काकूंकडे जातं.

काकू भांडी विसळता विसळता सांगतात, "पाणी नीट निवळू द्या, क्रीमला उकळी आणू नका, आणि ह्यांना आधी बोलवू नका."