बुडणाऱ्याची दाढी

नदीत एक माणूस बुडतो आहे आणि त्याची दाढी त्याच्याआधी पाण्यावर पसरली आहे. काठावरचा भला गृहस्थ ओरडून सांगतो, अरे, गळ्यात अडकवलेली ती पिशवी आधी टाकून दे! बुडणारा त्याही अवस्थेत दुखावला जातो. पिशवी कसली, दाढी आहे माझी! त्यावर काठावरचा म्हणतो, वा, दाढी झकास आहे. पण तीच तुला तळाशी नेणार. हा किस्सा बाराव्या शतकात नीशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारनं 'मन्तिकुत्तैर' या फारसी काव्यात सांगितला, आणि 1487 साली हेरातमध्ये, सुलतान हुसैन बायकराच्या अमदानीत, त्या काव्याची जी देखणी प्रत तयार झाली तिच्यात कुणा चिताऱ्यानं तो रंगवला. चित्राच्या वरच्या भागात लाकूडतोडे करवत चालवताहेत, गाढव उभं आहे, सरपण रचलं जातंय. खाली एक जीव आपल्या दाढीसकट चालला आहे आणि वर चुलीची सोय चालली आहे. सूफी तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ एका बाजूला ठेवावेत आणि हे एवढं चित्र बघत बसावं, असं मला वाटतं.

दाढीचा आणखी एक किस्सा याच काव्यात आहे, आणि तो जास्त खट्याळ आहे. मूसा पैगंबरांच्या काळी एक तपस्वी होता. रात्रंदिवस उपासना करायचा, पण मनाला आनंद म्हणून नाही. दाढी मात्र सुरेख, आणि ती विंचरण्याचा त्याला भारी नाद. त्यानं मूसांकरवी देवाला विचारलं, माझं काय चुकतंय? उत्तर आलं, याचं सगळं लक्ष दाढीत आहे. ऐकताच बिचारा रडत रडत दाढीचे केस उपटू लागला. तेव्हा देवदूत येऊन म्हणाला, बघा, अजूनही दाढीतच गुंतलाय! इथे अत्तार थांबतो आणि आपण हसता हसता नकळत हनुवटीवर हात फिरवतो.

आता या प्रतीकडेच बघा. 'स्व' सोडा, दागदागिने सोडा, फकिरी पत्करा, असं सांगणारी साडेचार हजारांच्या आसपास द्विपदींची ही रचना. तिची नक्कल करायला बसला सुलतान अली मशहदी, नस्तालीक लिपीतला त्या काळचा नामांकित कातिब. रंग, सोनं, चांदी, कशालाच कमी पडू दिलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी इस्फहानमध्ये तिला झैनुल आबिदीन तब्रिझीनं असं काही सोनेरी-निळं आरंभपृष्ठ जोडलं, की फकिरीच्या ग्रंथाला शाही सदरेचा थाट आला. पाणी रंगवायला अशा चित्रांत चांदी वापरत, आणि चांदी काळानुसार काळवंडत जाते. अपरिग्रह काय तो तेवढ्या पाण्यानंच मनावर घेतला म्हणायचा.

हेरातमध्ये आणखी एक गंमत घडली होती. चार चित्रांच्या जागा तशाच कोऱ्या सुटल्या. कातिब ओळी लिहून मोकळा झाला आणि त्या चौकटी शतकभर वाट बघत राहिल्या. लग्नाच्या पंगतीत पान मांडून ठेवावं आणि पाहुणा नातवंडांच्या लग्नाला उगवावा, तसा इस्फहानचा चितारी 1600च्या सुमारास आला. तो सावेचा हबीबुल्लाह. त्यानं काव्याच्या मुख्य कथेतली पक्ष्यांची सभा रंगवली: मोर, पोपट, बगळा, ससाणा आणि खडकावर त्यांचा म्होरक्या हुदहुद. आपल्याकडे हिरवळीवर चोच खुपसत हिंडणारा, तुऱ्याचा पंखा उघडमीट करणारा आणि बरेच जण ज्याला सुतारपक्षी समजतात, तोच हा. पक्ष्यांचा राजा जो सीमुर्ग, त्याच्या शोधात सात दऱ्या ओलांडायच्या, असं तो समजावतोय, आणि एकेक पक्षी सबबी सांगतोय. बुलबुलाला गुलाब सोडवत नाही, बदकाला पाणी, ससाण्याला राजाचं मनगट. आषाढात वारीला निघायचं ठरवून ऐन वेळी गुडघा दुखणाऱ्यांशी यांचं गोत्र जुळतं.

पण माझी नजर अडकते ती उजव्या कडेला. खडकांपलीकडे एक शिकारी दिसतो आणि त्याच्याजवळ चक्क बंदूक आहे! अत्तारच्या काळात बंदूक कुठली? हबीबुल्लाहनं ती आपल्या काळातून आणून ठेवली. इकडे आत्म्याच्या प्रवासाची खलबतं आणि तिकडे एकजण संध्याकाळच्या कालवणाचा हिशोब मांडतोय. हुदहुदाच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा 'लवकर निघा' हे तो माणूस जास्त चांगलं पटवून देईल.

इराणच्या शहा अब्बासनं 1609च्या सुमारास ही प्रत अर्दबीलला, शेख सफीच्या दर्ग्याला अर्पण केली. हा शेख सफी सूफी पीर, आणि त्याच्या वंशजांनी पुढे इराणचं तख्त मिळवलं. त्या दर्ग्याला दिलेल्या ग्रंथांवरच्या वक्फाच्या नोंदींत बादशहानं स्वतःला हजरत अलींच्या उंबरठ्यावरचं कुत्रं म्हणवून घेतलंय. नम्रता बावनकशी, फक्त ती शाही मोहोर उठवून जाहीर केलेली. मला उगाच तो केस उपटणारा तपस्वी आठवतो. पुढे अशीही ताकीद आहे, की ज्याला वाचायचं त्यानं खुशाल वाचावं. पण बाहेर नेईल त्याच्या माथी इमाम हुसैनांच्या रक्ताचं पाप. प्रत 1963पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. वाचायला मुभा होतीच म्हणा.

हजारो पक्ष्यांतले शेवटी तीसच पोचतात. पिसं झडलेले, दमलेले, आणि सीमुर्गाच्या जागी त्यांना ते स्वतःच दिसतात. हबीबुल्लाहनं मात्र निघण्याआधीची घडी निवडली, जेव्हा मोराची शेपटी अजून शाबूत आहे. वर त्यानं चित्रावर सहीदेखील ठोकली. 'स्व' विसरायला सांगणाऱ्या पोथीत हे बरं नव्हे, असं कुणी म्हणेल. पण ती सही नसती, तर या मोराबद्दल आणि त्या बंदूकवाल्याबद्दल आपण आभार कुणाचे मानले असते?