मा. ‘मॉडेल बंद’ साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. मॉडेल बंद साहेब,
सुटे भाग विभाग.

विषय : जुन्या चारचाकी ट्रॉलीच्या हुकाची पिन आणि मागच्या चाकाचा हब न दिल्याबद्दल आभार.

महोदय,
स. न. वि. वि.

आपली-आमची प्रत्यक्ष ओळख नाही. पण सातारा-सांगलीत सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात पाऊल टाकलं, की काउंटरमागून पहिल्यांदा आपलंच नाव निघतं. “पावणं, मॉडेल बंद झालंय. नवीनच घ्या की!” इतक्या बिनधास्तपणे तर कुणी लग्नाचं स्थळही सुचवत नाही.

आमची ट्रॉली वडिलांच्या काळातली. चासी शाबूत, अ‍ॅक्सल सरळ, पाटे अजून ताठ. गेली ती फक्त हुकाची पिन, आणि एका हबला तडा. आपल्या सल्ल्याप्रमाणे वागायचं तर वेसण तुटली म्हणून बैल विकायला काढावा लागेल. शिवाय सल्ला मिळाला तो ऐन गळीत हंगामात. शेतात तोडलेला ऊस वाळतोय, टोळी बसून आहे, मुकादम तासाला फोन करतोय. अशा वेळी ‘मागणी नोंदवून ठेवतो’ हे आपल्या माणसाचं वाक्य ऐकून आम्हाला मोठा धीर आला.

तरीही आभार अशासाठी, की आपण नाही म्हणालात म्हणून आमचं शिक्षण झालं. मिस्त्रींनी हबमधलं बेअरिंग काढलं, डिझेलमध्ये धुतलं, चिंधीनं पुसलं. कडेवर बारीक आकडे दिसले : ३०२१०. मिस्त्री म्हणाले, “शेवटचं दोन आकडं घ्या, पाचानं गुणा.” दहा पंचे पन्नास. आतलं भोक ५० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ९०. हे माप कुठल्याही कंपनीचं घ्या, जगभर तेच. म्हणजे आपल्या यादीत जे ‘उपलब्ध नाही’ होतं, ते शेजारच्या बेअरिंगच्या दुकानात फळीवर बसून होतं. फक्त त्याच्या खोक्यावर आपलं आडनाव नव्हतं.

पिनेचं प्रकरण मात्र अवघड. व्हर्नियर लावला की माप कळतं. पोलादाची जात कळत नाही. साध्या लोखंडाची पिन पहिल्या गतिरोधकाला वाकेल. ईएन-८ची केली तर बरी, पण तिला किती पाणी द्यायचं? मिस्त्रींचा नियम असा, की वरून कडक आणि आतून चिवट. आरपार कडक केली तर ती वाकत नाही, एकदम तुटते. वाकलेली पिन ड्रायव्हरला आधी सांगते. तुटणारी सांगत नाही. उसानं भरलेली ट्रॉली चढावर सुटली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आपलं ‘मॉडेल बंद’ काय कामाचं?

हबाची तऱ्हा वेगळीच. तुटका हब वेल्डिंगनं जोडून तोच वाळूत दाबू आणि नवा ओतून घेऊ, असं आमच्या मनात होतं. कुपवाडच्या बाजूला ओतकामाची जाण असलेल्या एका माणसानं हात धरला. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. ३०० मिलिमीटरच्या हबाला ३ मिलिमीटर गेले, की बोल्टची भोकं चाकाशी जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, वर खराद मारायला बेअरिंगच्या जागी माल जास्त ठेवायचा. ही सगळी आकडेमोड आपल्या कपाटातल्या एका कागदावर आधीच झालेली आहे. आम्ही ती तुटक्या लोखंडाकडे बघून पुन्हा केली.

साहेब, खरं तर आपण मुलूख चुकीचा निवडलात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, तिथे सायकली विकल्या आणि दुरुस्तही केल्या. १९१० मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर गाजला. साताऱ्याकडे धनजीशा कूपरांच्या कारखान्यातून नांगर आणि डिझेल इंजिनं निघाली. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाची काच फुटली तर नुसती काच बदलायची, कंदील फेकायचा नाही, एवढा साधा व्यवहार तेव्हाच्या घराघरात होता. इथे हात आधी दुरुस्तीला लागले, कारखाने मागून आले. अशा लोकांना आपण ‘नवीनच घ्या की’ म्हणता!

आपला कारभार सातासमुद्रापार आहे, हेही आम्ही जाणून आहोत. युरोपात हौशी लोक बिनइंजिनाची ग्लायडर उडवतात. वर उचलणारी हवा मिळेनाशी झाली की ग्लायडर कुणाच्या तरी शेतात उतरतं. मग पंख सोडवून, लांबलचक ट्रेलरमध्ये घालून मोटारीमागून घरी न्यायचं. त्या जुन्या ट्रेलरचे मालकही ब्रेकच्या एखाद्या भागासाठी आमच्यासारखेच वणवण फिरतात. विमान आभाळात जाऊ शकतं, ट्रेलर दुकानापुढे जात नाही.

सरकारनंही आपली दखल घेतली आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारं घेतली. डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. पोर्टलवर माहिती मिळते. पिन मिळत नाही.

तेव्हा मागणी एकच. बंद केलेला भाग पुन्हा बनवा, असं आम्ही म्हणत नाही. आपल्याला परवडत नसेल, हे मान्य. पण ज्या दिवशी भाग बंद कराल, त्या दिवशी त्याचं ड्रॉइंग खुलं करा : माप, पोलादाची जात, पाणी किती द्यायचं तो आकडा. बाकीचं आमच्या लेथवाल्यावर सोडा. तो पैसे घेईल, उधारीवरून भांडेलही. पण अंदाजानं काम करायची पाळी त्याच्यावर येणार नाही, आणि रस्त्यावरची माणसं त्याच्या अंदाजावर जगणार नाहीत.

कळावे, लोभ असावा, कारण ट्रॅक्टरही जुनाच आहे.

आपला,
पलूस तालुक्यातला एक ट्रॉलीवाला

ता. क. : खोक्यावर आपला नंबर हवा तेवढा मोठा छापा. बेअरिंगच्या कडेवरचा मात्र घासून काढू नका. आमच्याकडे पाचाचा पाढा अजून पाठ आहे.