उसनी साईडपट्टी

साईडपट्टी हा रस्त्याचा सर्वांत मनमिळाऊ भाग. आपल्याकडे तिच्यावर काय नसतं? रसवंती असते, पंक्चरवाल्याचा टांगलेला टायर असतो, कलिंगडांचे ढीग असतात, सुगीच्या दिवसांत वाळत घातलेलं सोयाबीन असतं, उलट्या दिशेनं निवांत येणारा ट्रॅक्टर असतो. या सगळ्यांतून वाट काढत मोटरसायकलवाले जात असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाची खात्री असते की खरी घाई फक्त आपल्यालाच आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला मिनेसोटातली साईडपट्टी पाहून चुटपुट लागते. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या फ्रीवेवर संध्याकाळी मोटारींच्या रांगा तुंबलेल्या असतात आणि शेजारी तेवढीच लांब पट्टी स्वच्छ, सपाट, रिकामी पडलेली असते. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

साताऱ्याचे मामा आमच्याकडे आले तेव्हा त्यांना हे बघवेना. "अरे, पट्टी मोकळी आहे. घे की!" मी म्हटलं, "मामा, ती बिघडलेल्या गाड्यांसाठी आणि पोलिसांसाठी असते." मामा म्हणाले, "मग गाडी बिघडलीय म्हण."

तेवढ्यात उजवीकडून बस आली. त्याच पट्टीवरून, सावकाश, आमच्या खिडकीला खिडकी लावत पुढे गेली. आत एक बाई पुस्तक वाचत होत्या. त्यांनी वर मान करूनही पाहिलं नाही. मामांना बस गेल्याचं वाईट वाटलं नाही, त्या बाईंनी पाहिलं नाही याचं वाटलं.

"हिला चालतं?"

"चालतं."

"आणि आपल्याला?"

"आपण दोघं आहोत, मामा. तिच्यात चाळीस असतील."

हा हिशेब इथल्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला. फ्रीवेला आणखी एक लेन जोडायची तर जमीन घ्या, पूल रुंद करा, पैसा ओता, आणि हे सगळं होईपर्यंत मोटारी वाढून ती लेनही तुंबलेली. साईडपट्टी तर आधीच बांधलेली होती. फक्त ती रोज बसचं ओझं पेलेल अशी नव्हती. कधीमधी थांबणाऱ्या गाडीसाठी केलेलं डांबर पातळ असतं, मध्येच पाणी जायच्या जाळ्या असतात. जिथे गरज तिथे डांबर जाड केलं, जाळ्यांची डागडुजी केली आणि 'फक्त अधिकृत बस' अशा पाट्या लावल्या. आज या जोडशहरांच्या परिसरात बसला मोकळी केलेली अशी पट्टी सुमारे ३०० मैल, म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरच्या वर आहे.

मात्र ही मोकळीक बेताची आहे. शेजारच्या लेनमधल्या गाड्यांचा वेग ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरच्या खाली आला, तरच बसनं पट्टीवर यायचं. आल्यावरही शेजारच्यांपेक्षा ताशी १५ मैलांहून जास्त वेगानं जायचं नाही आणि काही झालं तरी ३५ ओलांडायचे नाहीत. म्हणजे रांग ठप्प असेल तर बस फार तर ताशी चोवीस किलोमीटरनं जाणार. याचं कारण शिष्टाचाराचं नाही, भीतीचं आहे. रांगेत कंटाळलेला एखादा मोटारवाला अचानक पट्टीवर नाक काढतो. तेव्हा बसला थांबता आलं पाहिजे. पुढे बंद पडलेली गाडी दिसली की बसनं मुकाट्यानं पुन्हा रांगेत शिरायचं. रॅम्पवरून कुणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. आणि ड्रायव्हरला वाटलं, आज बर्फ आहे, नको, तर त्यानं पट्टीवर येऊच नये. सक्ती नाही.

ड्रायव्हरची बाजू समजून घेण्यासारखी आहे. पट्टी निदान दहा फूट रुंद हवी, असा दंडक. बस साडेआठ फुटांची, शिवाय दोन्हीकडे कानांसारखे आरसे. एका बाजूला मोटारी, दुसऱ्या बाजूला कठडा. सीडर अॅव्हेन्यूच्या रस्त्यावरच्या काही बसना २०१० च्या सुमारास यासाठी एक यंत्रणा बसवली होती. बस एका बाजूला सरकू लागली की ड्रायव्हरची सीट थरथरायची. मामांना हे ऐकून हसू आवरेना. "आमच्या एसटीत हे काम कंडक्टर करतो. पत्र्यावर थाप मारतो. आणि वर 'येऊ दे, येऊ दे' असा धीरही देतो. सीट धीर देते का?"

शिकागोजवळ आय-५५ रस्त्यावर २०११ मध्ये पेस या बससेवेनं हाच प्रयोग केला. त्याआधी वेळेवर पोचणाऱ्या बस ६८ टक्के होत्या, त्यानंतर त्या नव्वदच्या पुढे गेल्या. वाचलेली मिनिटं मोजली तर थोडीच असतील. पण आज सहाला पोचू की सातला, हा घोर मिटतो. आणि थांबलेल्या मोटारी खिडकीतून एकेक मागे सरकताना दिसतात, ते सुख कुठल्याच वेळापत्रकात धरलेलं नसतं.

बसला वेगळी वाट देण्याचं आपल्याला नवल नाही. पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला. दिल्लीतला २००८ मध्ये आला आणि २०१६ मध्ये उखडलाही गेला. तिथे मोटारवाल्यांचं दुखणं असं की आमच्या रस्त्यातला तुकडा कायमचा काढून घेतला; बस नसतानाही तो रिकामा डोळ्यांत खुपतो. मिनेसोटातल्या पट्टीत कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. कोंडी असेल तेवढा वेळ बसनं ती उसनी घ्यायची आणि कोंडी फुटली की परत करायची.

रात्री जेवताना मी हे मामांना सांगितलं. त्यांनी आमटीचा भुरका अर्ध्यावर थांबवला.

"म्हणजे गाड्या नीट पळायला लागल्या की सवलत आपोआप बंद?"

"आपोआप."

"रोज?"

"रोज."

मामांनी उभ्या आयुष्यात सवलती लागू होताना पाहिल्या होत्या, वाढताना पाहिल्या होत्या, पुढच्या पिढीकडे जातानाही पाहिल्या होत्या. गरज सरल्यावर परत गेलेली एकही त्यांना आठवेना. बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "आणि मोर्चा निघत नाही?"