शिकवायचं कुणी?

उद्योजकांच्या कुठल्याही परिषदेला जा, एक तक्रार हमखास ऐकू येते: कुशल माणसं मिळत नाहीत. मग मंत्री अभ्यासक्रम बदलण्याची घोषणा करतात.

दर वेळी दोष शाळा-कॉलेजांचाच कसा?

टंचाई झाली की भाव वाढतो. कांद्याचा वाढतो. मग चाकणला वेल्डरची इतकी टंचाई आहे, तर त्याचा पगार का चढत नाही? आयटीआय झालेला पोरगा कंत्राटदाराच्या हजेरीवर लागतो आणि वर्षानुवर्षं हेल्परच राहतो. टंचाई आहे ती स्वस्तात तयार माणूस मिळण्याची.

नोकरीच्या जाहिराती वाचा. दोन वर्षांचा अनुभव हवाच. प्रत्येकाला अनुभवी माणूस पाहिजे, पण पहिली दोन वर्षं शेजारच्या कारखान्याने द्यायची.

आयटीआयचे दोष झाकायचं कारण नाही. निदेशकांच्या जागा रिकाम्या राहतात, यंत्रं जुनी होतात. त्या भरा, ती बदला. तरीही आज लाइनवर आलेलं मशीन उद्या वर्गात येणार नाही. ते कारखान्यातच शिकावं लागतं.

हे कायद्याला 1961 पासून माहीत आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तेव्हाचा. आज 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं 5 ते 9 हजार रुपये. ॲप्रेंटिस कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. शिकवत असाल तर हे मान्य. पण पूर्ण पाळी एकच बोल्ट आवळणारा मुलगा शिकतो काय?

तो फक्त स्वस्त पडतो.

सरकारला घाई प्रमाणपत्रांची. 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्या दुसऱ्या टप्प्यातले अल्पमुदतीचे अभ्यासक्रम साधारण 150 ते 300 तासांचे. आयटीआयत फिटर व्हायला दोन वर्षं लागतात. हात दोनशे तासांत बसतो, असं कुठल्याही जुन्या फोरमनला सांगून पाहा.

2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पोरांना चांगली संधी आहे, जरूर जावं. पण त्या देशाची रीतही पाहा. तिथे कंपनी मुलाशी करार करते, पैसे देते, बहुतेक व्यवसायांत तीन-साडेतीन वर्षं शिकवते. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा. परीक्षा घेतात उद्योगांचीच चेंबर्स. शिकवण्याचा खर्च हा तिथे धंद्याचा खर्च.

जर्मनी लांब वाटत असेल, तर पिंपरीला या. 1966 मध्ये टेल्कोचं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं, पुण्यातलं काम सुरू झालं, तेव्हा कंपनीची सूत्रं सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षण विभाग आधी उभारला. ट्रक पुष्कळ नंतर बाहेर पडले. माणसं आधी घडवावी लागतात, हे त्या माणसाला कुणी सांगावं लागलं नाही.

म्हणून कुशल माणसं मिळत नाहीत म्हणणाऱ्या प्रत्येक कारखान्याने चार आकडे गेटवर लावावेत. गेल्या वर्षी ॲप्रेंटिस किती घेतले? त्यांना शिकवायला पूर्णवेळ माणसं किती नेमली? मुदत संपल्यावर किती जणांना कायम केलं? आणि कितीच्या पगारावर? अभ्यासक्रमाचं आपण त्यानंतर बोलू.