नकाशाबाहेरचा स्विच

भाचा नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये आहे. सुट्टीत आटपाडीला आला की मामीच्या हातची बाजरीची भाकरी खातो आणि तिची फेड म्हणून आम्हाला नेटवर्क शिकवतो. यंदा त्याने एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर तीन मजले काढले. तळाला ॲक्सेस, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांतले स्विच. मध्ये त्यांना एकत्र आणणारे ॲग्रिगेशन. माथ्यावर कोअर, तिथून बाहेरच्या जगाचा रस्ता.

अशी उतरंड आटपाडीकराला नवी नाही. आम्ही औंध संस्थानात होतो तेव्हा, 1939 साली, भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यघटनाच अशी दिली होती: खाली ग्रामपंचायत, वर तालुका समिती, त्यावर विधिमंडळ. खुद्द गांधीजींचा सल्ला होता तिला. रचना चांगलीच; पण शेजारणीकडून वाटीभर विरजण हवे असेल तर तालुका समितीला अर्ज कोण करतो?

भाच्याने कोपऱ्यात आणखी एक चौकोन काढला. "हा सर्व्हर इंटरकनेक्ट स्विच."

"कुठल्या मजल्यावर?"

"कुठल्याच नाही, मामा. सर्व्हरच्या पाठीमागं."

"परसदार म्हण की," मामी चुलीपाशून बोलली.

मला जे दोन पेले चहात उमगले नसते, ते तिने एका शब्दात उरकले. एखादे अवाढव्य गणित शेकडो सर्व्हरांत वाटले, की प्रत्येकाला आपापले उत्तर इतरांना सतत कळवावे लागते. ही ये-जा आडवी, शेजाऱ्याशेजाऱ्यांतली. ती हमरस्त्याने नेली आणि एक जण वाटेत अडकला, तर बाकीचे हात बांधून बसतात. म्हणून तिला वेगळे जाळे, पुष्कळदा इन्फिनिबँड नावाचे. त्याची रीतही परसदारचीच. हमरस्त्यावरचे साधे इथरनेट ओतत सुटते, सांडले तर धाडणारा पुन्हा ओततो. इन्फिनिबँडमध्ये घेणारा आधी सांगतो, भांड्यात जागा किती आहे. तेवढेच देणारा देतो.

परसदाराची दखल मात्र कुणी घेत नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 साली परम 8000 उभा केला. तो महासंगणक आणि त्याचे शिल्पकार विजय भटकर सर्वांना ठाऊक. पुढे त्याच संस्थेने परमच्या आतल्या सर्व्हरांना जोडायला परमनेट नावाचे स्वतःचे जाळे विणले, 2003 च्या परम पद्ममध्ये त्याची दुसरी आवृत्ती होती, हे मात्र कुणाच्या गावी नाही. सत्कार नेहमी दर्शनी दाराशीच होतात.

आता म्हणे तीन मजलेही मोडीत निघत आहेत. लीफ आणि स्पाइन असे दोनच थर, प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडलेला, म्हणजे कुठल्याही कपाटातून कुठल्याही कपाटात अंतर सारखेच. मूळ कल्पना बेल लॅबच्या चार्ल्स क्लॉस यांची, 1953 ची, आणि तीही टेलिफोन एक्स्चेंजसाठी. मग परसदार आता बुजवले असेल? छे! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांत मागचे जाळे पुढच्यापेक्षा कितीतरी रुंद असते, असे भाचा म्हणाला.

"मग म्होरलं दार ठिवलंय कशापायी?" मामीने विचारले.

"गिऱ्हाईक तिथनंच येतंय, मामी."