मानपत्राचा मसुदा

एक जुलैचा डॉक्टर्स डे जवळ आला की सरकारी रुग्णालयांना डॉक्टर आठवतात. डॉ. बिधानचंद्र रॉय 1882 साली याच तारखेला जन्मले आणि 1962 साली याच तारखेला गेले, त्यामुळे जयंती आणि पुण्यतिथी एकाच हारात उरकतात. काटकसरी सरकारला याहून सोयीचे महापुरुष मिळाले नसते. या दिवशीची शाल एरवी विभागप्रमुखांच्या खांद्यावर पडते, तीही बहुधा निवृत्तीच्या वर्षी. पण कुठल्या ना कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात कुणाच्या तरी मनात येणारच, की यंदा निवासी डॉक्टरांचा आणि इंटर्नांचा सत्कार करू. आणि गोल्ड मेडल वगैरेसाठी नको, करुणेसाठी करू. कल्पना नामी आहे. म्हणून त्या सोहळ्याचा वृत्तान्त आम्ही आजच लिहून ठेवतो. रुग्णालयाच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. वाचकांनी आपापल्या जिल्ह्याचं नाव घालून घ्यावं.

समिती नेमली गेली. डीनसाहेब अध्यक्ष, मग अधीक्षक, मेट्रन, दोन विभागप्रमुख आणि सदस्य-सचिव म्हणून हेडक्लार्क. शेवटच्याने काम करायचं आणि बाकीच्यांनी सह्या, हे इतिवृत्तात लिहावं लागत नाही. करुणा मोजायची कशी, यावर पहिली बैठक खर्ची पडली. पीएसएमच्या मॅडमनी शून्य ते पाच गुणांची मोजपट्टी सुचवली. ॲनॅटॉमीचे सर, ज्यांची माणसाशी गाठ तो वारल्यावरच पडते, म्हणाले की करुणा मुळात आतून असावी लागते. अधीक्षकांनी आठवण करून दिली की करुणा सिलॅबसमध्ये आहेच. ते मात्र खरं. 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ आहे. म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद. त्याच्या लॉगबुकवर सह्या घ्याव्या लागतात. वाईट बातमी कशी सांगावी, याचाही त्यात सराव असतो. सरावात एक बॅचमेट नातेवाईक होऊन खुर्चीत बसतो, डोळे पुसतो आणि ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणतो. कॅज्युअल्टीत नातेवाईक बसत नाहीत. ते तीस-चाळीस असतात आणि त्यातला एक मोबाइलवर शूटिंग करत असतो.

वॉर्डावॉर्डांतून नावं मागवली आणि इथे घोळ झाला. समितीला वाटलं होतं, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘रुग्णप्रिय’ असं काहीतरी येईल. पण शिफारशी लिहिल्या होत्या सिस्टरांनी, वॉर्डबॉय मामांनी, आया मावशींनी आणि काही नातेवाइकांनी. या लोकांना मोघम लिहायची सवय नाही. त्यांनी काय घडलं तेच लिहिलं.

पहिलाच कागद सर्जरीच्या जेआर-वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा. ‘सरांनी रात्री पेशंटची ट्रॉली स्वतः ढकलत सीटीला नेली, उतारावर पायाने अडवून धरली, कारण ब्रेक नाही.’ हेडक्लार्कनी चष्मा वर केला. “मामा कुठे होते?” मेट्रन म्हणाल्या, मामा एकच, तीन वॉर्डांना मिळून; बाकीची पदं रिक्त. “म्हणजे मंत्र्यांसमोर माइकवरून हे वाचायचं, आणि पदं रिक्त आहेत हे आपणच जाहीर करायचं? वर ब्रेकचं?” वाक्य खोडलं गेलं. मानपत्रात त्या जागी आलं: ‘रुग्णांच्या वाटचालीत ते सदैव सोबत असतात.’

मेडिसिनच्या इंटर्नचा कागद त्याहून वाईट. पोराने पहाटेपर्यंत अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबली होती. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. मध्ये पेशंटच्या भावाला जवळ बसवून त्याचा हात आपल्या हाताखाली धरला आणि शिकवलं: ‘जोरात नाही, छाती वर आलेली दिसली की सोडायची.’ भाऊ दमला की हा, हा दमला की भाऊ, असं आयसीयूत मशीन रिकामं होईपर्यंत. व्हेंटिलेटर नव्हता असं लिहिणं अशक्य होतं, कारण स्टॉक रजिस्टरला ते आहेत; दुरुस्तीला गेलेले यंत्र रजिस्टरमध्ये हजरच असतं. मसुदा झाला: ‘त्यांनी श्वासागणिक रुग्णाला साथ दिली.’ हेडक्लार्कना हे वाक्य स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते पुढच्या वर्षीसाठीही नक्कल करून ठेवलं.

ऑर्थोच्या एकाने कॅज्युअल्टीत नातेवाइकाची थप्पड खाल्ली होती आणि नंतर त्याच नातेवाइकाच्या भावाला टाके घातले होते. राज्यात 2010 पासून रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. 2017 च्या मार्चमध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने जबर मारलं, राज्यभर डॉक्टर रजेवर गेले, मग सुरक्षारक्षक वाढवले आणि एका पेशंटमागे दोन पास असा नियम आला. थप्पड मारणारा तिसरा होता. त्याच्याकडे पास नव्हता. मानपत्रात थप्पड नको, यावर समितीचं एकमत झालं. ‘नातेवाइकांशी त्यांचा निकटचा संबंध येतो’ असं लिहिलं.

आता मुद्दा तासांचा. जवळपास प्रत्येक शिफारशीत ‘छत्तीस तास ड्यूटी करूनही’ हे शब्द होते. सिस्टरांना वाटलं, याने गुण वाढतील. हेडक्लार्क नियमांना पक्के. त्यांनी केंद्राची 1992 ची रेसिडेन्सी योजना काढली. त्यात लिहिलंय, सलग काम साधारणपणे बारा तासांवर नको, आठवड्याला 48 तास, एक सुट्टी. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने सुचवलं, आठवड्याला 74 तासांच्या वर नेऊ नका. म्हणजे 32 वर्षांत अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले. गॅसच्या सिलिंडरकडे पाहता ही वाढ माफकच म्हणायची. पण छत्तीस तास सलग हे दोन्हींत बसत नाही. म्हणून ‘वेळेचं भान विसरून’ असा शब्दप्रयोग करण्यात आला.

इथे वृत्तान्त थांबवून एक सांगून टाकतो. सगळे निवासी डॉक्टर देवमाणसं आहेत असा आमचा दावा नाही. रात्री दोन वाजता म्हातारीवर खेकसणारे आम्ही पाहिले आहेत. ‘एकदा सांगितलं ना!’ हे सरकारी वॉर्डातलं सर्वाधिक उच्चारलं जाणारं वाक्य असावं. पण खेकसणाराच काल संध्याकाळी, इमर्जन्सी सुरू होताना, त्याच म्हातारीला ‘आजी, जेवलात का?’ विचारत होता. मधल्या वेळात त्याचा स्वभाव बदलला नाही, घड्याळ बदललं. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच गेली. तिच्यावर उपचार करत होते ते इंटर्न आणि निवासी डॉक्टर, ज्यांच्या पाळ्या आपल्याकडच्यासारख्याच लांबलचक असायच्या. वडील पत्रकार होते, गप्प बसले नाहीत. 1989 मध्ये त्या राज्याने आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली. ऐंशी म्हणजे काही चैन नव्हे. पण नव्या विद्यार्थ्यांना समारंभाने पांढरा कोट चढवून माणुसकीची शपथ देण्याची पद्धत कोलंबियाच्या कॉलेजात सुरू झाली ती 1993 मध्ये. क्रम लक्षात घ्या: तास आधी, कोट मागून. आपण कोटापासून सुरुवात केली आणि आता शालीपर्यंत आलो आहोत.

असो. निवड झाली. पहिला क्रमांक मेडिसिनच्या जेआर-टू मॅडमना, आणि तो एकमताने, कारण शिफारशींचा ढीगच होता. त्यातली एक शिफारस आम्हाला पूर्ण द्यावीशी वाटते. तालुक्याहून आलेली आजी, साखर आणि बीपी दोन्ही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, आजीला मराठीही वाचता येत नाही, सोबत कुणी नाही. सुट्टी देताना मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूच्या चार पुड्या बांधल्या. एकीवर स्केचपेनने सूर्य काढला, एकीवर चंद्र. तिसरीवर सूर्य आणि शेजारी ताट, म्हणजे सकाळी जेवल्यावर. चौथीवर फुली, म्हणजे चक्कर आली तर ही घ्यायची नाही. आजीने चंद्राची पुडी हातात घेऊन विचारलं, “अवशेला काय करू?” मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चंद्राखाली एक बाज काढली आणि म्हणाल्या, “अवस असो की पुनव, आडवं व्हायच्या आधी ही.” मग एक गोळी औषधभांडारात नव्हती ती समोरच्या मेडिकलमधून आणून पुडीत घातली, आणि एसटीच्या भाड्याचे पैसे आजीच्या पिशवीत सरकवले. हे सिस्टरने पाहिलं आणि लिहिलं.

समिती वाचून गहिवरली. मेट्रननी डोळे टिपले. हेडक्लार्कही गहिवरले, पण गहिवरता गहिवरता त्यांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी रेघ मारली.

सोहळा दणक्यात झाला. प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला. त्यावर पाहुण्यांचे चेहरे कलिंगडाएवढे आणि सत्कारमूर्तींचे पासपोर्ट आकाराचे. आदल्या दिवशी डीनसाहेब स्वच्छतागृहांत स्वतः फिरून आले. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, तेव्हा भेटीला आलेल्या खासदारांनी डीनकडूनच स्वच्छतागृह साफ करून घेतलं होतं. पाहुणे कुठे वळतील याचा नेम नसतो, हे त्यानंतर सगळ्याच डीनना कळलं असावं.

पाहुणे बोलले. इंटर्नांचं विद्यावेतन 2024 मध्ये अकरा हजारांवरून अठरा हजार केल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. अठरा हजार म्हणजे दिवसाचे सहाशे, आणि दिवस म्हणजे इथे रात्रही धरून. निवासी डॉक्टरांच्या नव्या वसतिगृहाचा प्रस्ताव विचाराधीन असल्याचंही सांगितलं. टाळ्या इंटर्नांनी वाजवल्या, कारण त्यांना त्यासाठीच रांगेत बसवलं होतं. त्या वेळी वॉर्डात कोण होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सत्कार होण्याची शक्यता नसलेले होते.

जेआर-टू मॅडमच्या मानपत्रात शेवटी एवढंच उरलं: ‘रुग्णांशी चित्रमय संवाद साधणाऱ्या, वेळेचं भान विसरून सेवेत रमणाऱ्या.’ सही, शिक्का, शाल, श्रीफळ. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले आहेत. फोटोग्राफरने तीन घेतले, तिन्हींत मिटलेलेच.

चौथ्या दिवशी मॅडमना आस्थापना शाखेतून दोन लिफाफे मिळाले, जावक क्रमांक लागोपाठचे. पहिल्यात अभिनंदनाचं पत्र. दुसऱ्यात कारणे दाखवा नोटीस. हेडक्लार्कच्या त्या तीन रेघा तिथे मुद्देसूद उतरल्या होत्या. एक, रुग्णालयात सर्व औषधं उपलब्ध असताना खासगी दुकानातून औषध आणून ते उपलब्ध नाही असा समज आपण का पसरवला? दोन, शासकीय केसपेपरचा चित्रकलेसाठी वापर कुणाच्या परवानगीने केला? तीन, नेमून दिलेले तास संपल्यानंतरही आपण वॉर्डात आढळून आल्याचं आपल्याच शिफारशीवरून दिसून येतं. सबब त्याचा खुलासा करावा.

नोटीस देणाऱ्याचा काही आकस नाही. हेडक्लार्कनी मॅडमना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आपल्या आईची साखर किती येते तेही सांगितलं आणि एक चिठ्ठी लिहून घेतली. सूर्य-चंद्रासकट. आईला फार सोपं पडेल म्हणाले. मग उठताना नियम समजावून सांगितला: खुलासा सात दिवसांत, तीन प्रतींत. ऑफिसचं झेरॉक्स मशीन बंद आहे, बाहेरून करून आणा.